कॅसलरॉक : आधी स्टेशन, मग सरहद

स्मरणिका समितीने ‘रौप्यमहोत्सवानिमित्त काहीतरी ऐतिहासिक लिहा’ असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात शनिवारवाडा, सिंहगड असे काहीतरी असावे. पण त्या विषयांवर लिहिणारे पुण्यात पैशाला पासरी. मी निवडले आहे एक रेल्वे स्टेशन, तेही आडरानातले. आपल्यापैकी पुष्कळजण त्याच्यावरून गेले आहेत, पण तिथे उतरलेले फार थोडे. ते स्टेशन म्हणजे कॅसलरॉक.

पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा करत गोव्याकडे निघालेली गाडी सह्याद्रीच्या माथ्यावर जिथे थांबते, ते हे स्टेशन. येथून पुढे उतार. दूधसागरचा धबधबा याच उतारावर लागतो. ‘चेन्नई एक्सप्रेस’ सिनेमात गाडी ज्या धबधब्यासमोर उभी राहते तो हाच, म्हणजे आमच्या नातवंडांना खूण पटेल. पण धबधब्याचे फोटो काढण्याच्या नादात कॅसलरॉककडे कोणी बघत नाही. वास्तविक सत्तर वर्षांहून अधिक काळ हे हिंदुस्थानातले शेवटचे स्टेशन होते. पुढचे राज्य पोर्तुगालचे.

माझा या स्टेशनाशी संबंध नोकरीमुळे आला. ऐंशीच्या दशकात माझी बदली बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात झाली होती. आमच्या शाखेत दर महिन्याला पेन्शन घ्यायला निवृत्त रेल्वे कामगार येत. पेन्शनच्या दिवशी काउंटरसमोर रांग आणि रांगेत गप्पा. त्यात ‘पोर्तुगीज हद्द’, ‘कस्टम’, ‘घाट सेक्शन’ हे शब्द असे यायचे, की जणू काल-परवाची गोष्ट आहे. तेव्हापासून मी या मार्गाबद्दल मिळेल ते वाचत आलो. त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण समजतो, की सरहद आधी असते आणि मग तिच्यावर स्टेशन बांधतात. कॅसलरॉकच्या बाबतीत हे जवळजवळ उलटे घडले. ही रेल्वे बांधली होती ती सरहद पुसण्यासाठी. सरहद तिच्यावर नंतर येऊन बसली.

तह, मीठ आणि चार लाख रुपये

एकोणिसाव्या शतकात गोवा हे बंदर म्हणून उत्तम, पण व्यापार म्हणून बसलेले. मुरगावचा धक्का निसर्गानेच दिलेला, पण त्या धक्क्यावर यायला माल हवा ना! माल होता घाटावर, म्हणजे धारवाड-बळ्ळारीकडचा कापूस आणि धान्य. मध्ये सह्याद्री, आणि सह्याद्रीवर ब्रिटिशांची हद्द.

इकडे घाटावरही रेल्वेची निकड निर्माण झाली होती. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. धारवाड, विजापूर, बेळगाव हा सगळा भाग होरपळला. दुष्काळी भागात धान्य पोचवायला रेल्वे हवी, हा विचार त्यातून जोर धरू लागला. पुढे १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली, तिच्या मुळाशी हाच दुष्काळ होता. कंपनीचे मुख्य ठाणे धारवाडला होते.

या दोन गरजा एकत्र आल्या आणि २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. ब्रिटिशांच्या वतीने रॉबर्ट मोरिएर आणि पोर्तुगीजांच्या वतीने आंद्राद कोर्वु हे त्याचे कर्तेधर्ते. तहाची मुदत बारा वर्षे. त्यातली कलमे बघितली, की माझ्यासारख्या बँकवाल्याचे डोळे चमकतात. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातल्या सरहद्दीवरची बहुतेक मालावरची जकात रद्द. दोन्हीकडच्या बंदरांत दर सारखे. मुरगावहून घाटावर रेल्वे बांधायची. आणि या सर्वाच्या बदल्यात गोव्यातल्या मिठावर नियंत्रण ब्रिटिशांचे. त्यापोटी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये.

मिठाचे कलम वाचताना सहज वाटते, की त्यात काय एवढे? पण गोव्याच्या मिठागरांतले मीठ पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर. शेजारी गोव्यात मीठ स्वस्त. तेव्हा ब्रिटिशांना त्या मिठाची दारे बंद करायची होती, आणि तहाने ती झाली. तोटा कोणाचा? मिठागरांवर पोट असलेल्या गोवेकरांचा. शिवाय दारूवरच्या अबकारीची नवी पद्धत आली, ती माड आणि काजूवर जगणाऱ्यांना जाचक झाली. आंद्राद कोर्वुंनी लिस्बनमध्ये बसून सही केली. तिची किंमत सासष्टी-बार्देशमधल्या माणसांनी मोजली.

घाट उतरताना

रेल्वे बांधायला लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. भांडवल इंग्रजांचे, हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे मिळकत कमी पडली तरी भागधारकांना ठराविक व्याज सरकारने भरून द्यायचे. कर्जाला जामीन राहणाऱ्याची पुढे काय गत होते, हे बँकेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. येथेही तेच झाले. कापूस मुरगावकडे वळेल अशी आशा होती, पण बराचसा माल मुंबईलाच जात राहिला. मिठाच्या बदल्यात येणारे चार लाख रुपये रेल्वेच्या हमीपोटी खर्ची पडू लागले. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने देणे चालले होते. १९०२ मध्ये हा मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे आले, आणि १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली.

पैशाचा हिशेब काही असो, बांधकाम मात्र मानले पाहिजे. मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग सुमारे ८२ किलोमीटरचा, मीटरगेज. कुळ्यापर्यंत जमीन बरीचशी सपाट. त्यानंतर सह्याद्री भिंतीसारखा समोर उभा. कुळे ते कॅसलरॉक या पंचवीसेक किलोमीटरांत रेल्वेला जवळजवळ साडेपाचशे मीटर चढायचे होते. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण रेल्वेसाठी ही चढण फार उभी. शिवाय बोगदे, दऱ्यांवरचे पूल, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, आणि जंगल इतके दाट की दिवसा अंधार. ब्रागांझा घाट असे या भागाचे नाव पडले, ते पोर्तुगालच्या राजघराण्यावरून. १८८८ साली हा मार्ग पूर्ण झाला. लोंढ्याच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आले, मुरगावच्या बाजूने पोर्तुगीज रेल्वेचे, आणि दोन्ही कॅसलरॉकला भेटले. १८९० पर्यंत लोंढ्याहून बेळगाव, मिरज करत मीटरगेज पुण्यापर्यंत येऊन पोचली, म्हणजे आपले पुणे रुळांनी मुरगावला जोडले गेले.

‘कॅसलरॉक’ हे नाव आसपासच्या एका किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या कड्यावरून पडले असे सांगतात. गोव्याच्या बोलण्यात त्याचे ‘केसलरॉक’, ‘कॅसरॉक’ असे काहीही होते.

घाटातून गाडी वर चढवायची तर एक इंजिन पुरत नाही, मागूनही इंजिन लावून ढकलावे लागते. या मागून ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात! आमच्या शाखेतले ते पेन्शनर मला हे सांगून हसायचे, “साहेब, तुम्ही पण बँकर, आम्ही पण बँकर.” चढणीपेक्षा उताराची काळजी जास्त. खाली निघण्यापूर्वी कॅसलरॉकला प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासतात. घाटात जागोजागी वर चढत गेलेल्या बाजूच्या लाइनी आहेत. गाडी सुटलीच तर तिला त्या लाइनीवर वळवायचे, म्हणजे चढणीवर तिचा वेग आपोआप जिरतो. दीडशे वर्षे होत आली, इंजिने कोळशाची गेली, डिझेलची आली, तरी ब्रेक तपासल्याशिवाय कॅसलरॉक सोडायचे नाही हा नियम कोणी मोडलेला नाही.

सरहद आली

आता मूळ मुद्दा. १८८८ साली गाडी सुरू झाली तेव्हा तह लागू होता. म्हणजे कॅसलरॉकवरून गोव्यात माल जाताना बहुतेक वस्तूंवर जकातीची कटकट नव्हती. रुळांनी दोन राज्ये जोडली होती आणि कागदानेही. पण तहाची मुदत बारा वर्षांची. १८९२ च्या जानेवारीत ती संपली आणि ब्रिटिशांनी तह पुढे चालू ठेवला नाही. ज्या तहासाठी एवढा डोंगर फोडला, तो रेल्वे पूर्ण झाल्यावर जेमतेम चार वर्षे टिकला! रूळ तसेच राहिले, आणि त्यांच्यावर जकातीची नाकी येऊन बसली. ब्रिटिशांचे कॅसलरॉकला, पोर्तुगीजांचे कुळ्याला.

त्यानंतर प्रवाशाची दोनदा तपासणी होऊ लागली. एकदा वरती, एकदा खालती. ट्रंका उघडा, वळकट्या सोडा, बाटल्या दाखवा. गोव्यातून येणाऱ्याच्या सामानात फेणी सापडते का, आणि पुढच्या काळात परदेशी घड्याळे, कापड, सोने सापडते का, यावर नजर. जुनी माणसे सांगत, की गाडी बराच वेळ उभी राही आणि प्रवासी त्या वेळात फलाटावर चुली मांडल्यासारखे बसत. घाट तोच, माणसे तीच, भाषा तीच. फक्त खालच्या स्टेशनावरच्या फलकाची आणि शिपायाच्या टोपीची तऱ्हा बदलायची.

याच फलाटावरून कोण कोण गेले असेल याचा विचार केला म्हणजे हे स्टेशन मोठे वाटू लागते. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या. माणसे मुंबई, पुणे, बेळगाव, कराचीपर्यंत पोटामागे निघाली. कोणी खानसामे, कोणी शिंपी, कोणी बँडवाले, कोणी कारकून, कोणी जहाजावरचे खलाशी. काही आगबोटीने गेले, काही या रेल्वेने. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’ असत, म्हणजे गावकऱ्यांनी काढलेले सामायिक राहण्याचे ठिकाण. एका अर्थाने त्याही गृहनिर्माण संस्थाच! गावातला मुलगा मुंबईत उतरला, की थेट आपल्या गावाच्या कुडात जायचा. वर्गणी, नियम, सामायिक खोली आणि गावचा एक देव. आपल्या सोसायटीच्या नियमांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी कुडाचे नियम वाचावेत.

या ये-जा करणाऱ्या माणसांनी बरोबर भाषा नेली आणि आणली. रेल्वे सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, आपल्या पुण्यातून एदुआर्द ब्रुनो द सोझा यांनी ‘उदेंतेचें साळक’ हे कोंकणी नियतकालिक काढले. कोंकणीतले पहिले नियतकालिक पुण्यातून निघाले हे पुष्कळ पुणेकरांना माहीत नसते. १८९२ मध्ये, म्हणजे जकातीची नाकी आली त्याच साली, कोंकणीतले पहिले तियात्र झाले, तेही गोव्यात नव्हे तर मुंबईत. उलट दिशेने मराठी पुस्तके, वर्तमानपत्रे, पंचांगे, कीर्तनकार, नाटकमंडळ्या गोव्यात जात. पोर्तुगीजांनी राज्यकारभार पोर्तुगीज भाषेतून चालवला, पण गोव्यातल्या हिंदू घरांत मराठी वाचली जात राहिली. १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे पत्र गोव्यात सुरू केले. ही देवघेव चालू राहायला घाटवाटांबरोबर या रुळांचाही हातभार होता.

अडवलेली माणसे

पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही आल्यावर हीच देवघेव सरकारच्या डोळ्यांत सलू लागली. गोव्यात सभा घ्यायला बंदी, छापील मजकुरावर सेन्सॉर. लग्नाची निमंत्रणपत्रिका छापायची तरी मंजुरी घ्यावी लागे. सरहद आता फक्त जकातीची राहिली नाही, ती विचारांची झाली.

१८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, हे आपण शाळेत वाचले आहे. ते गोव्यात आले होते आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी, विश्रांतीसाठी. त्यांना पकडून हद्दीबाहेर काढण्यात आले. पण त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लोहिया पुन्हा गोव्याकडे निघाले, आणि या खेपेला पोर्तुगीजांनी त्यांना कुळे स्टेशनावरच पकडले. आग्वादच्या किल्ल्यात ठेवले आणि काही दिवसांनी पुन्हा हद्दपार केले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून लोहियांची बाजू घेतली. कॅसलरॉक सोडून घाट उतरणे म्हणजे काय, हे त्या अटकेने देशभर कळले.

१९४७ साली ब्रिटिश गेले. कॅसलरॉकच्या नाक्यावरचा झेंडा बदलला. कुळ्याचा बदलला नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली, १९५४ मध्ये ये-जा करण्यावर निर्बंध कडक झाले. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एस. एम. जोशी अशी मंडळी पक्षभेद विसरून तिच्यात होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. बापट त्या वेळी सत्तरी ओलांडलेले. आमच्या वयाच्या माणसांना गुडघ्याने जिना चढवत नाही म्हणून लिफ्टचा ठराव आणावा लागतो, त्या वयात हे गृहस्थ लाठ्या खायला सरहद ओलांडून गेले.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. बांद्याकडून, कारवारकडून, आणि कॅसलरॉककडूनही. हातात शस्त्र नाही. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मारली गेली, शेकडो जखमी झाली. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकामुळे बांद्याची वाट लोकांच्या लक्षात आहे. घाटातली वाट तितकी लक्षात राहिली नाही.

त्यानंतर भारताने सरहद बंद केली. कॅसलरॉक-कुळे गाडी थांबली. सदुसष्ट वर्षे चालत आलेला रस्ता एकदम मुका झाला. राजकारणाच्या दृष्टीने ती आर्थिक नाकेबंदी होती. तिचा परिणाम असा झाला, की घाटावरून पूर्वी सहज जाणारा भाजीपाला बंद झाला आणि गोव्यात बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून बोटीने येऊ लागले. बेळगावची भाजी हाकेच्या अंतरावर असताना बटाटा हॉलंडचा! पण बटाट्याचे सोडा. माणसांचे काय? मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आणि साष्टीत असलेली आई, बेळगावात दिलेली मुलगी आणि फोंड्यातले माहेर, यांच्यामध्ये त्या पंचवीस किलोमीटरांचा घाट आडवा आला. खानापूरच्या माझ्या शाखेतल्या एका पेन्शनरची बहीण कुळ्याच्या पलीकडे दिलेली होती. त्यांना रोज ड्यूटीवर रुळांचे टोक दिसे, पण पुढे जाता येत नसे. “गाडी नव्हती तेव्हाही रूळ होतेच की साहेब,” असे ते एकदा म्हणाले. त्यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

फलाट तोच, पत्ता नवा

या बंद काळातच कॅसलरॉकचे आणखी एक स्थित्यंतर झाले. हे गाव पूर्वी मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यात, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले. खालच्या बाजूला १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. त्यांची एक ब्रिगेड पूर्वेकडून, कॅसलरॉकपासून जवळच असलेल्या अनमोडच्या घाटातून उतरली. १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला, आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झाले.

म्हणजे बघा, १९४० साली कॅसलरॉकला जन्मलेला माणूस जागचा न हलता मुंबई इलाखा, मुंबई राज्य, म्हैसूर आणि कर्नाटक अशा चार पत्त्यांवर राहिला. घरापासून काही मैलांवर त्याने आधी परदेश पाहिला, मग केंद्रशासित प्रदेश, मग शेजारचे राज्य. घरात कोंकणी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड. बँकेचे फॉर्म भरताना ‘मातृभाषा’च्या रकान्यासमोर पेन थांबवून बसलेली माणसे मी त्या भागात पाहिली आहेत. सरहद्दीचा वाद पुण्या-बंगळूरच्या वर्तमानपत्रांत गाजतो, तेव्हा मला ती माणसे आठवतात. त्यांना हा प्रश्न विचारणारेच नवीन वाटायचे.

मुक्तीनंतर गाडी पुन्हा सुरू झाली आणि गोव्यातली रेल्वे भारतीय रेल्वेत आली. जकातीचे नाके गेले. तपासण्यासारखे फक्त ब्रेक उरले. पुण्या-मुंबईकडची माणसे मिरजेला ब्रॉडगेजमधून उतरून, हमालाच्या डोक्यावर सामान देऊन, मीटरगेजच्या डब्यात जागा पकडत. त्या धावपळीचा अनुभव आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांपैकी अनेकांना असेल. नव्वदच्या दशकात घाटात ब्रॉडगेज झाली आणि मीटरगेजचा तो छोटा डबा इतिहासजमा झाला. लगोलग १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. मुंबईच्या माणसाला आता गोव्याला जायला कॅसलरॉकची गरज उरली नाही. शंभर वर्षे गोव्याचे मागचे दार असलेले हे स्टेशन एका बाजूला पडले.

पण गोष्ट येथे संपत नाही. कापसासाठी बांधलेला हा मार्ग आता मुख्यतः मालगाड्यांचा झाला आहे. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे याच घाटातून वर चढतो. त्यासाठी तिनईघाट, कॅसलरॉक ते कुळे हा मार्ग दुहेरी करण्याची योजना आली. घाट म्हणजे भगवान महावीर अभयारण्य, मोलेचे राष्ट्रीय उद्यान. गोव्यात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले, त्यात तरुण मुलेमुली पुढे होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द ठरवली. एकाने म्हणावे विकास, दुसऱ्याने म्हणावे जंगल. दोन्ही बाजूंची कागदपत्रे मी जमतील तेवढी वाचली. माझे मत जंगलाच्या बाजूचे आहे, पण वेगळे मत असलेल्यांशी गच्चीवरच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर वाद घालायला मी तयार आहे. मला त्यात रस वाटतो तो एवढ्यासाठी, की १८७८ मध्ये लिस्बनला सही झाली तेव्हा मिठागरवाल्याला कोणी विचारले नव्हते. या वेळी घाटाखालच्या माणसाचे म्हणणे निदान न्यायालयात ऐकले गेले.

कॅसलरॉकला स्मारक नाही, संग्रहालय नाही. जकातीच्या नाक्याची, बंद पडलेल्या त्या सहा वर्षांची आठवण सांगणारी एक पाटी फलाटावर लावायला फार खर्च येणार नाही. रेल्वेकडे तसे पत्र पाठवावे, असे माझ्या मनात आहे. सोसायटीतल्या ज्यांचे माहेर, सासर, कुलदैवत गोव्याचे आहे अशा कुटुंबांनी त्यावर सह्या कराव्यात. मंगेशी, शांतादुर्गेच्या दर्शनाला दरवर्षी जाणारी घरे आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांच्या आजी-आजोबांनी या घाटातून येताना ट्रंका उघडून दाखवल्या असतील. घरात जुनी माणसे असतील तर त्यांना विचारा, आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. त्या काळात प्रवास केलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. सोसायटीच्या ऑफिसात ठेवतो.